सात दिवस ‘ओव्हर’विना: मार्च २०२३च्या संपातला एक मेडिसिन वॉर्ड

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातलं आहे. मी तेव्हा तिथे मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक होतो आणि संपाच्या काळात वॉर्डांच्या ड्युट्या लावण्याचं काम माझ्याकडे होतं. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि वॉर्डाचे काही तपशील बदलले आहेत. जे निर्णय झाले, ते मात्र झाले तसेच लिहिले आहेत. त्यातले दोन चुकीचे निर्णय माझे होते.

पार्श्वभूमी

१४ मार्च २०२३ला, मंगळवारी, राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. घोषणा एकच होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. १ नोव्हेंबर २००५पासून नोकरीला लागलेल्यांना तेव्हा जुनं निवृत्तिवेतन मिळत नव्हतं. जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता असे. तेव्हाच्या नव्या योजनेत दरमहा पगारातून दहा टक्के कापले जात, सरकार आपला हिस्सा घाले, पैसा बाजारात गुंतवला जाई आणि म्हातारपणी हातात नेमकं किती पडेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल प्रदेश ही राज्यं तोवर जुन्या योजनेकडे वळली होती, त्यामुळे इथल्या कर्मचाऱ्यांची आशाही बळावली होती.

आमच्या वॉर्डात हा फरक एकाच टेबलावर दिसायचा. इन्चार्ज सिस्टर १९९६च्या, त्यांना जुनी पेन्शन लागू. त्यांच्या हाताखालच्या स्टाफ नर्स बहुतेक २०१०च्या पुढच्या, त्यांना नाही. काम तेच, नाइट तीच, जंतुसंसर्गाचा धोका तोच. इन्चार्ज सिस्टरांना स्वतःसाठी या संपातून काहीच मिळणार नव्हतं, तरी त्या गेल्या. “माझ्या पोरी उन्हात बसणार आणि मी आत खुर्चीवर बसू का, डॉक्टर?” एवढंच त्या म्हणाल्या.

संपात फक्त नर्सेस नव्हत्या. मामा, मावश्या (म्हणजे वॉर्डबॉय आणि आया), सफाई कामगार, औषधनिर्माते, तंत्रज्ञ, केसपेपर खिडकीवरचे लिपिक असे सगळे होते. आत उरलो आम्ही शिक्षक-डॉक्टर, निवासी डॉक्टर, इंटर्न, काही कंत्राटी कर्मचारी आणि रुग्णालयाच्याच नर्सिंग महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जानेवारीच्या सुरुवातीला निवासी डॉक्टरांनी वरिष्ठ निवासींची पदं आणि वसतिगृहांची दुरवस्था यांवरून संप केला होता. तो दोन दिवसांतच मिटला. त्या दोन दिवसांत वॉर्ड कोणी धरून ठेवला होता? याच सिस्टरांनी. त्यामुळे मार्चमध्ये रेसिडेंटांच्या मनात संपकऱ्यांविषयी राग नव्हता. दमणूक वाढत गेली तसा तो आला.

नेमकी अडचण

रुग्णालयात संप म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कॅज्युअल्टी आणि ऑपरेशन थिएटर येतं. आमच्याही आलं. तिथे आम्ही चांगले हात लावले आणि तिथे फारसं काही बिघडलंही नाही. बिघडलं ते जनरल वॉर्डात, जिथे कोणाचं लक्ष नव्हतं.

वॉर्ड चालतो तो ‘ओव्हर’वर. सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला खाटेखाटेपाशी उभी राहून सांगते: सात नंबरला रात्री दोनदा उलटी झाली, अकरा नंबरची लघवी मोजायची आहे, चौदा नंबरचा मुलगा संध्याकाळी रक्त घेऊन येणार आहे, एकोणीस नंबरच्या आजींना गोळी गिळता येत नाही, कुटून द्या. यातलं निम्मं कुठेही लिहिलेलं नसतं. डॉक्टर राऊंडला येतो, ट्रीटमेंट शीटवर औषध लिहितो आणि जातो. ते औषध स्टोअरमधून येणं, नसेल तर त्याच्या बदल्यात काय चालेल ते विचारणं, वेळेवर देणं, दिल्यावर पेशंटकडे पुन्हा एकदा पाहणं, ही साखळी सिस्टर ओढते. डॉक्टर म्हणून बारा वर्षं काढूनही ही साखळी किती लांब आहे ते मला ठाऊक नव्हतं.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आमच्याकडे संप नसतानाही तीस खाटांच्या वॉर्डात, जमिनीवरच्या गाद्या धरून चाळिसेक रुग्ण आणि रात्रीला एक किंवा दोन सिस्टर असत. म्हणजे व्यवस्था आधीच ताणलेली होती. ती टिकून होती ती काही माणसांच्या सवयींवर, आणि नेमकी तीच माणसं आता गेटबाहेर मंडपात बसली होती.

समोरचे पर्याय

सोमवारी, १३ मार्चला संध्याकाळी अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) दालनात बैठक झाली. तीन वाटा समोर होत्या.

पहिली, सगळं नेहमीसारखं सुरू ठेवायचं. ओपीडी चालू, भरती चालू, नर्सेसच्या जागी इंटर्न आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी. वरून येणाऱ्या फोनचा सूर हाच होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘रुग्णसेवा सुरळीत’ असं यावं, ही इच्छा तिथे बसलेल्या प्रत्येकाची होती, माझीही होती.

दुसरी, आजच बोजा कमी करायचा. घरी जाऊ शकतील अशांना डिस्चार्ज, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे, चार मेडिसिन वॉर्डांचे दोन. याला विरोध आला तो असा की गावाकडून एसटीने आलेला माणूस परत कसा पाठवायचा? मुद्दा खरा होता. पण चाळीस जणांत एक इंटर्न असलेल्या वॉर्डात त्याला भरती करून आपण त्याला काय देणार आहोत, हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही.

तिसरी वाट मला आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते. आयसीयू, नवजात अतिदक्षता कक्ष, प्रसूतिगृह आणि कॅज्युअल्टी इथे मोजक्या सिस्टर राहतील, असा समझोता संघटनेशी करायचा. अधिसेविका (मेट्रन) मॅडमनी आधीच चाचपणी केली होती. संघटनेच्या मंडळींची तोंडी तयारी होती. अट एकच, कोण आलं नि कोण नाही याची नावनिशीवार यादी वर जाऊ नये. प्रशासनाला उलट सगळं लेखी आणि नावासकट हवं होतं. मेस्मा (अत्यावश्यक सेवांत संपाला बंदी घालणारा कायदा) लागण्याची चर्चा तेव्हा जोरात होती, त्यामुळे कागदावर नाव म्हणजे कारवाईला हाताने दिलेला पत्ता, असं संघटनेला वाटत होतं. प्रशासनाला वाटत होतं की तोंडी शब्दावर आयसीयू कसा सोडायचा? दोन्ही भीती खोट्या नव्हत्या. नावांऐवजी नुसते आकडे लिहू या, ‘आयसीयूत प्रत्येक पाळीला चार’ एवढंच, असं कोणाला सुचलं असतं तर कदाचित जमलं असतं. अर्ध्या तासात तो विषय मिटवून आम्ही पुढे गेलो.

पहिली वाट ठरली. रात्री साडेदहा वाजता मी ड्युट्यांचा तक्ता केला. प्रत्येक वॉर्डात दोन इंटर्न आणि तीन विद्यार्थिनी. संख्या पाहिली तर नेहमीपेक्षा जास्तच हात होते, आणि त्या संख्येवर विसंबून मी निर्धास्त झोपलो.

बुधवारची रात्र

पहिला दिवस धावपळीत गेला. ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला मामा नाहीत, म्हणून रेसिडेंट स्वतः सिलिंडर गडगडत आणत होते. स्ट्रेचर नातेवाईक ओढत होते. कचऱ्याच्या बादल्या भरून वाहू लागल्या. लॅबचे रिपोर्ट आणायला एक इंटर्न दिवसभर जिने चढत-उतरत होता. त्यातच त्या आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तापाच्या साथीचे रुग्णही होते. एच३एन२ फ्लूची सगळीकडे धास्ती होती. तरी दिवस निभला आणि आम्हाला वाटलं, जमतंय.

बुधवारी औषध भांडार जवळजवळ बंद होतं. इनडेंटवर (औषधांच्या मागणीपत्रावर) सही करायला माणूस नव्हता. वॉर्डातलं इन्सुलिन संपलं, तेव्हा रेसिडेंटने नेहमीच्या सवयीने चिठ्ठी लिहून नातेवाइकांना बाहेरच्या दुकानात पाठवलं.

इथे थोडं खोलात जाणं भाग आहे, कारण सगळी गोष्ट या बारकाव्यावर फिरली. आमच्याकडे सरकारी पुरवठ्यात येणारं इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. बाहेर मिळणारी काही इन्सुलिनं मिलिलिटरला १०० युनिटची असतात, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. बाटली शंभरची आणि सिरिंज चाळीसची, अशी गल्लत झाली तर पेशंटला अडीचपट डोस जातो. वॉर्डात लाल टोपणाच्याच सिरिंजा होत्या. बावीस नंबरच्या खाटेवर पन्नाशीतले एक शेतकरी होते, पायाची जखम आणि वाढलेली साखर. त्यांना रात्रीच्या जेवणाआधी १६ युनिट लिहिले होते. त्यांच्या मुलाने आणलेली बाटली शंभरची होती. इंटर्नने लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६च्या रेघेपर्यंत औषध भरलं. प्रत्यक्षात गेले ४० युनिट.

रात्री दहाच्या सुमारास त्यांच्या पत्नी टेबलापाशी आल्या. “साहेब, यांचं अंग बघा, पार भिजलंय. आणि काय बोलतात ते कळंना.” टेबलावर होती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिने घाबरून रेसिडेंटला शोधायला धाव घेतली. तो कॅज्युअल्टीत होता. वॉर्डातल्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपलेल्या, म्हणून आयसीयूतून मशीन आणलं. साखर ३८, म्हणजे धोका होण्याइतकी कमी. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) दिलं, पंधरा-वीस मिनिटांत ते ओळखीचं बोलू लागले. रात्रभर दर तासाला साखर तपासली आणि ते वाचले. वाचवलं ते त्यांच्या पत्नीने. आमच्या व्यवस्थेचा त्यात वाटा नव्हता.

इंटर्न पोरगा जिन्यात बसून रडत होता. त्या दिवशी तो सकाळी आठपासून वॉर्डात होता. त्याला शंभर आणि चाळीसचा फरक पुस्तकात ठाऊक होता. वॉर्डात तो फरक कोण लक्षात ठेवतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही ते दुसऱ्या दिवशी कळलं. इन्चार्ज सिस्टर बाहेरून आलेल्या प्रत्येक इन्सुलिनच्या बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात ‘१००’ लिहीत आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंजा वेगळ्या डब्यात, आपल्या कपाटात ठेवत. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या बरोबर मंडपात होती.

गुरुवारी काय बदललं

सकाळी मी अधिष्ठात्यांकडे गेलो आणि आदल्या रात्रीचं सगळं सांगितलं. त्यांनी दोष कोणाचा हे विचारलं नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. “आता काय करायचं ते सांगा,” एवढंच ते म्हणाले.

चार वॉर्डांचे दोन केले. घरी जाऊ शकणाऱ्यांना आठवड्याच्या गोळ्या आणि विभागाचा फोन नंबर देऊन सोडलं. ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. ओपीडी फक्त तातडीच्या आणि औषध चालू असलेल्या रुग्णांपुरती ठेवली. विद्यार्थिनींकडून इंजेक्शनं काढून घेतली. त्यांनी ताप, नाडी, रक्तदाब पाहायचा, जेवण द्यायचं, बिघडलं तर हाक मारायची. मुळात त्या शिकायला आल्या होत्या, आणि आम्ही त्यांना रिकाम्या वॉर्डात एकटं उभं केलं होतं. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन अशी धोक्याची औषधं दोघांनी मिळून वाचल्याशिवाय द्यायची नाहीत असं ठरलं. सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता खाटेपाशी उभं राहून ओव्हर द्यायचा, तोही लेखी, आणि त्या वेळी विभागातला एक शिक्षक हजर हवाच.

किल्लीसाठी मी स्वतः मंडपात गेलो. प्रशासनाचा माणूस म्हणून कोणी काही बोललं असतं तर ते मी ऐकून घेतलं असतं. कोणी काही बोललं नाही. बावीस नंबरचं ऐकल्यावर इन्चार्ज सिस्टर बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी किल्ली दिली आणि एका वहीच्या पानावर कपाटात कुठे काय आहे ते लिहून दिलं. त्यानंतर रोज रात्री त्या मुख्य रेसिडेंटला फोन करून वॉर्डाची चौकशी करत होत्या, हे मला नंतर समजलं. संघटनेत ते कोणाला आवडलं नसतं. घरी त्यांना झोप लागत नव्हती.

डॉक्टरांवर काय बेतलं

निवासी डॉक्टरांनी दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तास काम करावं, असं केंद्राच्या १९९२च्या निवासी योजनेत म्हटलं आहे. कागदावरचे हे तास एरवीही कोणी पाहिलेले नाहीत. त्या आठवड्यात सलग ३६ तासांची ड्युटी ही नेहमीची गोष्ट झाली. वॉर्ड कमी केले तरी सिलिंडर, स्ट्रेचर, रिपोर्ट, केसपेपर ही कामं डॉक्टरांच्याच अंगावर होती.

शुक्रवारी पहाटे चार वाजता पहिल्या वर्षाच्या एका निवासी मुलीला सुई टोचली. वापरलेल्या सुयांचा डबा काठोकाठ भरला होता, बदलायला कोणी नव्हतं, तिने सुई वरून दाबली. रुग्णाचा एचआयव्ही अहवाल नव्हता. अशा वेळी प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस जितका लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत द्यावा लागतो. पुढे २८ दिवस गोळ्या. तिला डोस वेळेत मिळाला, नंतरच्या तपासण्याही ठीक आल्या. पण त्या २८ दिवसांच्या मळमळीत ती ड्युटीला येत राहिली, आणि मीही तिला येऊ दिलं. हा माझा दुसरा चुकीचा निर्णय. पहिला तो डोकी मोजून केलेला तक्ता.

संप मिटल्यावर

सोमवारी, २० मार्चला मुख्यमंत्र्यांबरोबरच्या चर्चेनंतर संप मागे घेतल्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर आले. बुधवारी गुढीपाडवा होता. पेन्शनचा प्रश्न अभ्यास समितीकडे होताच. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. संघटनांची मूळ मागणी मात्र जुनीच योजना हवी, अशी होती.

वॉर्डात संप त्या मंगळवारी संपला नाही. मांडीचं हाड मोडून ट्रॅक्शनवर असलेल्या एका तरुणाची शस्त्रक्रिया पुढे गेली होती. तोवर भूलपूर्व तपासण्यांचे अहवाल जुने झाले, त्या पुन्हा कराव्या लागल्या, आणि लॅबपुढे आधीच रांग होती. त्याच्या आईचा रोज बुडत होता. असे रुग्ण अस्थिरोगात, शल्यचिकित्सेत, स्त्रीरोगात सगळीकडे होते. साठलेलं काम उपसायला एप्रिल उजाडला. काही जण वाट न पाहता ‘डामा’वर सही करून, म्हणजे सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन, खासगी दवाखान्यात गेले. त्यांनी कुठून पैसे आणले आणि त्यांचं पुढे काय झालं, याची नोंद आमच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. संपाचा हिशेब मांडताना मृत्यू मोजले जातात. आमच्या वॉर्डात त्या आठवड्यात संपामुळेच झाला असं बोट ठेवून म्हणता येईल असा मृत्यू नव्हता. पण हाड मोडलेल्या त्या मुलाचे वाढीव बारा दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे?

रेसिडेंट आणि सिस्टर यांच्यात काही दिवस अवघडलेपण होतं. एकमेकांना चहा विचारला जाईना. मोकळी चर्चा घडवून आणायला हवी होती. ती आम्ही केली नाही. संप म्हणजे शिस्तीचा विषय असं समजून सगळे गप्प राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

बोजा कमी करण्याचा निर्णय गुरुवारऐवजी सोमवारी रात्रीच व्हायला हवा होता. संपाची नोटीस आधीपासून आलेली होती. डिस्चार्जची यादी आठवडाभर आधी तयार करता आली असती, गावाकडच्या रुग्णांना फोन करून तारखा पुढे ढकलता आल्या असत्या. ‘सुरळीत’ दिसण्यासाठी आम्ही दोन दिवस घालवले, आणि त्यातल्या दुसऱ्या रात्री बावीस नंबरची घटना घडली.

दुसरं, सिस्टर जाण्याआधी त्यांच्याकडून अर्ध्या दिवसाचा ओव्हर घ्यायला हवा होता. किल्ल्या, कपाटं, धोक्याची औषधं, कुठल्या पेशंटला कशाची भीती. मागितला असता तर त्यांनी दिला असता. मी किल्लीसाठी गेलो तेव्हा ज्या सहजपणे वहीचं पान फाडून मिळालं, त्यावरून मला खात्री आहे. आम्ही मागितलाच नाही, कारण संपावर जाणाऱ्याशी बोलणं म्हणजे नमतं घेणं, असं वातावरण होतं.

तिसरं, अत्यावश्यक विभागांतल्या किमान मनुष्यबळाचा करार शांततेच्या काळात व्हायला हवा. नावं नकोत, फक्त जागा आणि संख्या. आणि तो निवासी डॉक्टरांच्या संपालाही लागू असावा, कारण जानेवारीत निवासी डॉक्टरही असा कुठला कागद मागे ठेवून गेले नव्हते. असा मसुदा मी एप्रिलमध्ये लिहून दिला. मी बदली होऊन निघालो तोवर त्यावर दोन्ही बाजूंची सही झालेली नव्हती.

२१ मार्चच्या सकाळी आठ वाजता त्या इंटर्ननेच इन्चार्ज सिस्टरांना ओव्हर दिला. एरवी हे काम वीस मिनिटांचं, त्या दिवशी सव्वा तास लागला. त्यांनी प्रत्येक ट्रीटमेंट शीट वाचली, जिथे डोस दिल्याची सही नव्हती तिथे लाल शाईने गोल केला. बावीस नंबरपाशी आल्यावर त्या थांबल्या, पेशंटच्या पत्नीशी थोडं बोलल्या. मग इंटर्नला कपाटापाशी नेलं, चिकटपट्टीचं रीळ त्याच्या हातात दिलं आणि ट्रेमधल्या बाहेरून आलेल्या बाटल्या त्याच्यासमोर मांडल्या. “लिही,” त्या म्हणाल्या, “मोठ्या अक्षरात लिही.”